उचलून लावायचे दार

मोहिद्दीनने मागचे डावे दार पुरते उघडले, त्याच्या मोकळ्या कडेखाली दोन्ही हातांची बोटे घातली, ते वर उचलले आणि सोडून दिले. दार दोन बोटे खाली बसले. आवाज फार मोठा झाला नाही. भरलेली पाटी जमिनीवर टेकवताना होतो तेवढाच. पण पत्र्याच्या शेडखाली लोखंडी खुर्चीवर ताठ बसलेल्या रंभाबाईंना तो नेमका ऐकू आला.

"दार उतरलंय, वैनीसाहेब," हात फडक्याला पुसत तो म्हणाला. "बिजागऱ्यांच्या पिना झिजल्यात. भोकं गोल होती, ती आता बदामासारखी झाल्यात."

"बावीस वर्सं उभी हाय गाडी," रंभाबाई म्हणाल्या. "दारं उतरायचीच."

"उभ्या गाडीचं दार उतरत न्हाई. पत्रा गंजंल, रबर वाळंल, उंदरं गादी खात्याल. दार उतरतं ते माणसांनी. धरून उठायचं, धरून बसायचं, लोंबकळायचं. हे गाडी फिरत हुती तवाच उतरलेलं हाय."

रंभाबाईंना चूक दाखवून देणारी माणसे आता फारशी हयात नव्हती, आणि जी होती ती त्यांच्या नेरे गावच्या शिवेच्या आत तरी तसे करायला धजत नसत. पण हे पौड होते, गॅरेज मोहिद्दीनचे होते आणि बसायची खुर्चीसुद्धा त्याचीच होती. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि नजर गाडीवरून काढून रस्त्यावर नेली. शनिवार होता. पुण्याची माणसे धरण बघायला, लवासातली रिकामी घरे बघायला निघाली होती. मोटारीमागून मोटार चालली होती आणि प्रत्येकीची दारे अशी मिटलेली की जणू ती कधी उघडतच नसावीत. शेडमध्ये मात्र ही एकच मोटार चार दारे पसरून उभी होती. सत्त्याऐंशी सालची, गोल पाठीची, पांढरी. एके काळी जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांकडे असायची तसली. आता तिचा पांढरा रंग जुन्या दातांसारखा झाला होता. रंभाबाईंना तिच्याकडे बघवत नव्हते, आणि न बघितले तर मोहिद्दीनचा हात पुन्हा त्या दाराखाली जाईल, पुन्हा ते उचलले जाईल आणि सोडले जाईल, या धास्तीने त्यांचे कान तिकडेच लागून राहिले होते.

दारापाशी गौतमी उकिडवी बसली होती आणि मोबाइलचा उजेड बिजागरीवर धरून आत वाकून पाहत होती. गौतमी म्हणजे त्यांची नात, इंद्रजितची एकुलती एक मुलगी. वय पंचवीस, हिंजवडीत नोकरीला. तिच्या आईला, सायलीला, चोविसाव्या वर्षी याच दारातून मरण आले होते. नात आता आईपेक्षा एका वर्षाने मोठी झाली आहे, हे रंभाबाईंना आज सकाळी अचानक उमगले होते आणि तेव्हापासून तिच्या तोंडाकडे बघताना त्यांना एक चमत्कारिक अवघडलेपण जाणवत होते. जणू ही मुलगी आता वाट नसलेल्या रानात चालली होती आणि पुढे तिचे कसे होणार हे सांगणारे घरात कोणी नव्हते.

त्या मरणाची हकिकत घरात एका वाक्यात सांगितली जाई. बावीस वर्षांपूर्वीच्या माघात मुळशीच्या पलीकडे एका नातलगाकडे बारसे होते. ते आटोपून परतताना रंभाबाईंचे यजमान दादासाहेब गाडी चालवत होते, शेजारी त्या बसल्या होत्या, मागे डाव्या बाजूला सायली एकटीच होती. इंद्रजित तीन वर्षांच्या गौतमीला ताप होता म्हणून घरी थांबला होता. धरणाकाठच्या माले गावच्या अलीकडे उजव्या हाताचे जे आखूड वळण आहे तिथे गाडी वळली, मागचे दार उघडले आणि सायली कडेच्या दगडांवर फेकली गेली. दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही. 'तिनं दार नीट लावलं न्हवतं.' हे ते वाक्य. पोलिसांच्या कागदांत ते गेले, सुतकाला आलेल्या माणसांत गेले, आणि मग घरातच राहिले. गौतमी त्या वाक्याबरोबर वाढली. दप्तर उघडे राहिले, दूध उतू गेले, पाण्याचा नळ वाहत राहिला, की रंभाबाई म्हणत, "आईवर गेलीया." त्यात राग नसे. पंगतीत मीठ पुढे सरकवावे तितक्या सहजपणे त्या ते म्हणत. त्या सहजपणाचे पुढे काय झाले तेही त्यांनी पाहिले होते. गौतमी घराचे कुलूप तीनदा ओढून बघे. गॅसचे बटण हाताने चाचपून पुन्हा डोळ्यांनी बघे, आणि डोळ्यांनी बघून पुन्हा हाताने. आज सकाळीसुद्धा नेऱ्याहून निघून माण गावापर्यंत आल्यावर तिने एकाएकी गाडी वळवली होती.

"आता काय ऱ्हायलं?" रंभाबाईंनी विचारले होते.

"मागचं दार. लावलंय का आठवत नाहीये."

"मी बघितलंय लावताना तुला."

"हो गं. तरी."

परत जाऊन, कडी ओढून दोघी पुन्हा माणला आल्या. मग समोर रस्त्यावर डोळे ठेवूनच गौतमी म्हणाली होती, "वेदांतला मी परवा नाही सांगितलं. फायनल."

वेदांत हा तिच्याबरोबर कामाला असलेला, दोनदा घरी येऊन पाया पडून गेलेला, रंभाबाईंना मनातून आवडलेला मुलगा. "का पर? चांगलं घर हाय."

"त्याला मुलं हवीत, आज्जी. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण मला भीती वाटते. माझ्या हातून एक दिवस काहीतरी उघडं राहील, आणि त्यातून ते मूल जाईल. रक्तातच आहे ना माझ्या ते." हे ती हवापाण्याचे बोलावे तसे बोलली होती. "म्हणून ती गाडी गॅरेजात आणवली. स्क्रॅपमध्ये जायच्या आधी मला एकदा ते दार बघायचंय. एक साधं दार आईला लावता का आलं नाही, तेवढं कळू दे. मग जे असेल ते मान्य करीन."

रंभाबाई बरोबर निघाल्या होत्या त्या एवढ्यासाठीच. नेऱ्यातले गाडीचे शेड पाडायचे होते, त्या जागेवर सोसायटी उठणार होती, ताडपत्रीखालची गाडी कुठेतरी जायचीच होती. भंगारवाल्याकडे गेली असती तर प्रश्न मिटला असता. नातीने हट्ट धरला, ओढून गाडी पौडला आणवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बी येते." आयुष्यभराचा अनुभव असा होता की आपण जिथे बसतो तिथे माणसे बेताने बोलतात. पंगत असो, पंचायत असो, मयत असो. रंभाबाई पाटावर बसल्या की नको ते प्रश्न आपोआप घशात राहत.

"चाचा, पिना बदलून होईल?" गौतमी विचारत होती.

"हुईल की. जुन्या पिना ठोकून काढायच्या, भोकं मोठी करून पितळी बुश बसवायचे, दार जॅकवर तोलून धरायचं आन् नव्या पिना घालायच्या. पुढचं डावं, तुमच्या आजींच्या बाजूचं, ते बरं हाय. बाकी तिन्ही करायला लागत्याल. हे तर लईच."

"मग रोज कसं लावत असतील?"

"काहीजण काय करत्यात, कुलूप ज्याच्यात अडकतं ती खांबावरची पट्टी खाली सरकवून घेत्यात. मग लागतं दार. पर ते लबाडीचं काम. दार वाकडं ते वाकडंच, त्याच्या मापानं गाडी वाकडी करायची. हितं तसं केलेलं न्हाई. पट्टी जाग्यावर हाय." तो खाली वाकला. "म्हंजे हे उचलून लावत असत्याल."

उचलून लावायचे दार. रंभाबाईंच्या दोन्ही पंजांना ते एकदम आठवले. मनाला आठवण्याच्या आधी हातांना आठवले. दार धरायचे ते मुठीत नव्हे, तळव्यावर तोलायचे; गुडघा किंचित वाकवून त्याला खालून आधार द्यायचा; मग अंगाचा सगळा भार एका झटक्यात पुढे. सासूबाईंनी ते दार घालवले होते. शेवटची चार वर्षे त्यांचे पाय सुजलेले, देह अवजड, आणि दवाखान्यात न्यायच्या दिवशी त्या मागच्या डाव्या दाराला दोन्ही हातांनी लोंबकळून गाडीतून उठत. आधी बारा गावांच्या नवऱ्या मुली त्याच दाराने उतरल्या होत्या, कारण दादासाहेब लग्नाला गाडी मागणाऱ्याला नाही म्हणत नसत. सासूबाई गेल्या तोवर दार एका बाजूला झुकलेल्या म्हाताऱ्यासारखे झाले होते. दादासाहेब म्हणाले होते, पुण्याला नेऊन करून घेऊ. रंभाबाई म्हणाल्या होत्या, "कशाला? उचलून लावलं की बसतंय." आणि ते खरे होते, त्यांच्या हाताने ते बसे. दुसऱ्या कोणाच्या हाताने बसत नसे. हळूहळू तो घराचा रिवाजच झाला. पाहुणे असोत, सोयरे असोत, जावई असो, मागे बसलेल्या माणसाने दाराला हात लावायचा नाही. हात मांडीवर ठेवून, दार उघडे टाकून मुकाट बसून राहायचे. रंभाबाई निरोपानिरोपी उरकून, पदर खोचून येणार, गाडीला एक फेरा घालणार, एकेक दार उचलून लावणार आणि मगच पुढे आपल्या जागेवर बसणार. तोवर दादासाहेबसुद्धा गाडी सुरू करीत नसत. मोठमोठी माणसे त्यांनी तशी ताटकळत बसलेली पाहिली होती. त्या फेऱ्यात एक सुख होते. ते त्यांनी कधी कोणाजवळ बोलून दाखवले नाही, पण दार दुरुस्त झाले असते तर ते गेले असते, आणि म्हणून ते दुरुस्त झाले नाही.

मोहिद्दीनची बायको मुनीरा मागच्या घरातून चहा घेऊन आली. तिने आधी रंभाबाईंच्या हातात कप दिला, मग नवऱ्याकडे मान उडवली. "वैनीसाहेब, गाडी सोडून जाऊ नका हां. मुळशीभरच्या गाड्यांची दारं हे सरळ करत्यात आन् आमच्या कपाटाचं दार पंधरा वर्सं झाली सुतळीनं बांधलेलं हाय."

"कपाटाला गिऱ्हाईक न्हाई," मोहिद्दीन म्हणाला.

"मी कोन मग?"

"तू मालक."

गौतमी हसली. फार दिवसांनी ती अशी मोकळी हसली होती आणि रंभाबाईंना वाटले, झाले, आता चहा संपेल, काम सांगून होईल, आपण उठू. चहा गोड होता, त्यात आले जास्त होते, कपाचा कान तुटका होता. असल्या बारीकसारीक गोष्टींवर मन ठेवले की ते खाली घसरत नाही, हे त्यांना पूर्वीच कळले होते. सायलीच्या दहाव्याला त्यांनी असेच पत्रावळींचे टाके मोजले होते.

"चाचा, मी आत बसून लावून बघू?"

"बघा की. न्हाई लागायचं."

"कशाला बसतीस त्यात?" रंभाबाईंचा आवाज त्यांना हवा होता त्याहून मोठा आला. "उंदरांची घाण हाय समदी."

"कपडे मशीनमध्येच धुतात ना? परत धुईन," म्हणत गौतमी आत शिरली आणि मागच्या डाव्या बाजूला बसली. गादीतून धुळीचा एक लोट उठला आणि तिच्या खांद्यांवर बसला. तिने दार आत ओढले. टक् असा आवाज झाला. दार लागले. बाहेरून बघणाऱ्याला ते लागलेलेच दिसत होते, फट नव्हती. मोहिद्दीन पुढे झाला, कडेला तर्जनी लावून त्याने दार जरासे ओढले आणि ते निमूटपणे उघडले.

"हे लागलेलं न्हाई. कुलपाला दोन टप्पे असत्यात. पयल्यावर दार नुसतं अडकून ऱ्हातं, दिसायला लागल्यासारखं. दोनदा वाजलं पायजे."

गौतमीने पुन्हा ओढले. टक्. दोन्ही हातांनी ओढले. टक्. पाय समोरच्या सीटला रोवून, मागे रेलून, दात आवळून ओढले. तिच्या हातांत बळ होते, ती रोज व्यायामाला जात असे. दार त्याच एका ठिकाणी येऊन थांबले. मग मोहिद्दीनने तिला हात काढायला सांगितले, बाहेरून दार तळव्यावर तोलले, गुडघ्याचा टेकू दिला आणि पुढे लोटले. टक्, टक्. गाडी जागच्या जागी हलली. भिंत उभी राहावी तसे दार बसले.

"हे असं," तो म्हणाला. "आत बसलेल्या माणसाला हे दार लावताच येत न्हाई. पैलवान असला तरी न्हाई. बसल्या जागी त्याला वर उचलायला जोर कुटनं आणणार? बाहेरनंच कुणीतरी उचलून..." इथपर्यंत तो कारागिराच्या अभिमानाने बोलला आणि मग एकदम थांबला. पौडातच जन्म गेलेला माणूस; त्या माघातली गोष्ट त्याला माहीत नसणे शक्य नव्हते. त्याने फडके उचलले, हात स्वच्छ असताना ते पुन्हा पुसले. मुनीराने रिकामे कप गोळा केले आणि ती घराकडे वळली.

गौतमी आत बसून राहिली. बावीस वर्षांच्या धुळीने काच दुधी झाली होती आणि त्यामागे फक्त एक डोके दिसत होते, जरासे काचेकडे कललेले. रंभाबाईंनी ते डोके त्याच काचेमागे, तसेच कललेले, यापूर्वी एकदा पाहिले होते. बारशाच्या घराच्या अंगणात पाहिले होते. आत बायकांच्या घोळक्यात यजमानीणबाईंनी रंभाबाईंना विचारले होते की आता दुसऱ्याचं काय, नातू कधी, आणि रंभाबाई हसून काहीतरी मानाचे उत्तर देणार तेवढ्यात पलीकडून सायली म्हणाली होती, "आम्हाला गौतमी एकटी बास आहे." बोलली तीही हसूनच. पण सासूच्या आधी बोलली, सासूच्या वरून बोलली, आणि अकरा बायका गप्प झाल्या. त्या अकरांची तोंडे रंभाबाईंना आजही एका ओळीत आठवत होती. त्यानंतर त्यांनी सुनेकडे पाहिले नाही. ओटी घेतली, निरोप घेतला, अंगणात आल्या. दादासाहेब गाडीत बसून वाट पाहत होते. सायली रिवाजाप्रमाणे दार उघडे टाकून, हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिच्या त्या शांत हातांचा रंभाबाईंना असा संताप आला की...

काचेवर टकटक झाली. मोहिद्दीनने दार उघडले. गौतमी बाहेर आली. तिच्या केसांत, भुवयांवर धूळ होती, पण तिने ती झटकली नाही.

"आतून लागतच नाही," ती म्हणाली.

"न्हाई, ताई."

"तेव्हाही नसणार?"

मोहिद्दीनने एकदा रंभाबाईंकडे पाहिले. "पिना काय एका दिवसात झिजत न्हाईत," तो हळू म्हणाला. "मी पाना घेऊन येतो आतनं." आणि पाना समोर भिंतीवर टांगलेला असताना तो घरात निघून गेला.

"आज्जी." गौतमी खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "त्या दिवशी हे दार कोणी लावलं होतं?"

प्रश्न इतका साधा होता की बावीस वर्षांत तो कोणीच कसा विचारला नाही याचे रंभाबाईंना क्षणभर खरोखर नवल वाटले. पोलिसांनी विचारला नाही. इंद्रजितने विचारला नाही. त्याने उलट चितेसमोर उभा राहून, तिनं स्वतःच दार ओढलं असणार, मीच तिला नीट शिकवायला हवं होतं, असे म्हटले होते, आणि पुढे सूसला घर घेऊन तो एकटा राहिला तो त्या न शिकवलेल्या गोष्टीबरोबरच. दादासाहेबांनी विचारला नाही. त्यांना विचारायची गरजच नव्हती. चार दारे कोणाच्या हाताने लागतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्या दिवसानंतर त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली, आणि मरेपर्यंत एकोणीस वर्षे ते बायकोच्या हातचे जेवले, औषध घेतले, पाणी प्याले, पण तिच्या शेजारी बसून कुठे गेले नाहीत. आता ते नव्हते. त्यांचे नाव घेता आले असते. 'आजोबांनी लावलं,' एवढे म्हटले असते तर मेलेल्या माणसाने पूर्वीसारखेच ऐकून घेतले असते. किंवा निरोपाला बाहेर आलेला कोणी पाहुणा. किंवा सरळ वय पुढे करावे. आठवत न्हाई, पोरी, चौऱ्याहत्तरी उलटली माझी. ही तिन्ही उत्तरे त्यांच्यासमोर मांडलेली होती आणि तिन्ही चालण्यासारखी होती. गौतमीच्या भुवईवरची धूळ घामाने ओली होऊन खाली उतरत होती. उद्या ही मुलगी पुन्हा कुलूप तीनदा ओढेल, म्हातारी होईपर्यंत ओढत राहील, आणि त्या घरात तिच्याखेरीज कोणी नसेल.

"मी," रंभाबाई म्हणाल्या.

गौतमीने श्वास घेतल्याचे त्यांना ऐकू आले.

"नेहमी तूच लावायचीस?"

"सगळ्यांची. माझ्याबिगर कुणाला बसत न्हवतं."

"आणि त्या दिवशी उचललं नाहीस."

"न्हाई."

"विसरलीस?" गौतमीचा आवाज एकदम मऊ झाला, तिने पुढे वाकून खुर्चीच्या हातावर हात ठेवला. "घाईत विसरलीस का, आज्जी? माणसं विसरतात गं."

हा हात धरला असता तर सगळे मिटले असते. मुलगी रडली असती, दोघी रडल्या असत्या, माणसाच्या हातून चूक होते असे दोघींनी एकमेकींना सांगितले असते, आणि सायलीही सुटली असती, गौतमीही. रंभाबाईंनी आयुष्यात पुष्कळ माणसांना क्षमा केली होती. क्षमा करणाऱ्याला किती उंचावर बसायला मिळते हे त्यांना माहीत होते. पण विसरले म्हणजे वेंधळेपणा, आणि वेंधळी सायली होती, मी नव्हे, या बावीस वर्षांच्या गर्वानेच आज त्यांची मान पकडली. तो गर्व होता की आणखी काही, हे त्यांना त्या क्षणी सांगता आले नसते.

"मी काही इसरत न्हाई," त्या म्हणाल्या. "रागात हुते. लोटलं नुसतं. एकदाच वाजलं."

"तेव्हा तुला कळलं नसेल ते..."

"कळलं. ऐकलं मी. ऐकून पुढं जाऊन बसले. म्हनलं, खडखडू दे वाटभर तिच्या कानाशी. लागू दे गार वारं."

मरावी असे मनात नव्हते, हे वाक्य ओठांपर्यंत आले. ते खरेही होते. पण एकदा ते बोलून टाकले की पुढे त्याच्याच आधाराने जगावे लागेल, हे ओळखून त्यांनी ते गिळले. रस्त्यावर गाडी लागल्यावर दार खडखडत होते आणि त्या वाटभर ते ऐकत होत्या. पहिल्या घाटाखाली एकदा मनात आले होते की थांबवावे, उतरावे, उचलून लावावे. पण मग आधी आपणच बोलल्यासारखे झाले असते. मालेच्या वळणावर खडखड थांबली. आधी वाटले, बरे झाले. मग मानेवर वारा लागला. लोक धावत आले तेव्हा कोणी काही विचारायच्या आत त्यांनी सांगितले होते, "हिनं दार नीट लावलं न्हवतं," आणि ते सांगताना आपला आवाज किती ठाम निघाला याचे त्यांना त्याही वेळी बरे वाटले होते.

गौतमीने खुर्चीवरचा हात काढून घेतला. ती ओरडली नाही. ती गाडीपाशी गेली, उघड्या दाराच्या कडेखाली बोटे घालून ते तिने उचलले आणि तसेच धरून राहिली, बराच वेळ, जणू त्याचे वजन किती ते तिला पुरते समजून घ्यायचे होते. मग तिने दार सावकाश, अजिबात आवाज न होऊ देता खाली सोडले, खिशातून मोबाइल काढला आणि एक नंबर लावला.

"बाबा, घरी आहेस? नाही, मी ठीक आहे. पौडला आहे. आज्जीला तुझ्याशी बोलायचंय."

"गौतमी," रंभाबाई म्हणाल्या. ज्या स्वरावर सबंध घर जागच्या जागी थांबत असे तोच तो स्वर होता. तो आला, पत्र्याखाली घुमला आणि कोणीही थांबले नाही.

"मला सांगितलंस तसंच सांग," गौतमी म्हणाली. "राग आला होता ते सांग. ऐकलं होतं ते पण सांग. काही गाळू नको. मी इथेच उभी आहे."

मोबाइल हातात गरम होता. पलीकडे इंद्रजित होता. सूसच्या सहाव्या मजल्यावर, शनिवारच्या दुपारी एकटा, सत्तेचाळिशी ओलांडलेला, अर्धे केस पिकलेला त्यांचा मुलगा. मागे टीव्हीचा आवाज येत होता.

"आई? काय गं, तब्येत बरी आहे ना?"

एवढ्या वर्षांत आपल्या तब्येतीची चौकशी करणारा हा एकच माणूस उरला आहे, हे रंभाबाईंना त्या वेळी लख्ख दिसले, आणि हेही की आणखी दोन-चार वाक्यांनंतर तोही उरणार नाही. त्यांनी गौतमीकडे पाहिले. तिने नजर वळवली नाही.

"टीव्ही बंद कर," रंभाबाई म्हणाल्या. "उभा असशील तर खाली बस आधी."

टीव्ही बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बसलो. बोल."

"बारशाच्या घरनं निघालो तवाचं सांगते," त्या म्हणाल्या. "मधी बोलू नको. सायली गाडीत बसली हुती. हात मांडीवर ठिवून बसली हुती, मी सांगितलं हुतं तशीच."